लगून : वाक्यात उपयोग करा

गुरुजी छातीपर्यंत वाळूत गाडले गेले होते आणि दोन्ही हातांनी त्यांनी मालनला डोक्यावर उचलून धरलं होतं. मालन माझ्या जावेची पोरगी, सात-आठ वर्षांची. तिच्या हातात पितळेची वाटी तशीच होती. ती रडत नव्हती. रडायचं सुचलं नसावं. चारी बाजूंनी वाळू खाली सरकत होती, अजिबात आवाज न करता. पोत्याला भोक पडलं की ज्वारी सरकते तशी. आम्ही बायका घागरी टाकून खड्ड्याच्या काठाकडे धावलो, तर गुरुजी खालून ओरडले, "बरब्याड! बरब्याड!"

हे कानडी आहे. येऊ नका, असा अर्थ. त्यांचं बरोबर होतं. आमच्यातल्या एकीचा पाय काठावर पडला तशी टोपलंभर वाळू आणखी खाली गेली.

पुरुष सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले होते. नदीत आम्ही बायकाच होतो. माझी सासू कमरेवर हात ठेवून एवढंच म्हणाली, "आता गं माय!"

ज्या खड्ड्यात हे झालं त्याला आमच्या गावात लगून म्हणतात. आता तिथे खड्डा नाही, तरी म्हणतात. का म्हणतात ते सांगायचं तर आधी गुरुजी सांगावे लागतात. मी चौथी शिकलेली बाई आहे, आणि ती चौथीही त्यांच्याच हाताखाली. जमेल तसं सांगते.

त्यांचं नाव मन्मथप्पा. लिंगायत घर. घरात कानडी. शिकले निजामाच्या काळात, म्हणून शिक्षण सगळं उर्दूत. आणि नोकरी लागली मराठी शिकवायची. तीन भाषा त्यांनी तीन कामांना लावल्या होत्या. शिकवताना मराठी, रागावले की उर्दू, घाबरले की कानडी. वर्गात उर्दू क्वचित ऐकू यायची आणि कानडी त्यांच्या तोंडून मी त्या खड्ड्यावरच पहिल्यांदा ऐकली.

कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, बोटांवर खडू. दोन्ही पांढरं. दुपारपर्यंत कपाळावर खडू लागलेला असायचा आणि फळ्यावर विभूती.

कुठलीही गोष्ट शिकवायला घेतली की ते आधी म्हणायचे, "सोपं हाय." आम्ही समजून जायचो की आता अवघड येणार.

खिशात भाजलेले शेंगदाणे असायचे. प्रश्न विचारायचे आणि ज्याचं उत्तर चुकेल त्याला शेंगदाणे द्यायचे. बरोबर सांगणाऱ्याला काही नाही. एकदा मी भांडले. म्हटलं, "गुरुजी, माझं बरोबर आलं. मला का न्हाई?"

"तुझं बरोबर आलं न्हवं? मग तुझं पोट भरलं. त्याचं चुकलं, त्याचं तोंड बघ कसं झालंय. त्याला खाऊ दे."

मला हे तेव्हा पटलं नाही. आताही फारसं पटत नाही. पण त्यांच्या वर्गात उत्तर द्यायला कोणी घाबरत नव्हतं एवढं खरं.

आमचं गाव उदगीरच्या अंगाला, लेंडी नदीच्या काठी. नदी पुढे नांदेड जिल्ह्यात जाते. गावात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, गुरुजींनीही नाही. तरी भूगोलात समुद्र होता, तो शिकवावाच लागायचा. एक दिवस त्यांनी फळ्यावर शब्द लिहिला, लगून. आम्ही वाचला. ते म्हणाले, "सोपं हाय. लगून म्हंजे लागून. समुद्राला लागून जे पानी ऱ्हातं ते लगून. मधी वाळूचा बांध. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला लगून. बांधाला एखादी फट असती, तिच्यातून पानी येतं-जातं. लगून उथळ असतं, खारं असतं आन् शांत असतं."

हे समजावं म्हणून त्यांनी शाळेच्या अंगणात मोठी परात मांडली. मधोमध ओल्या वाळूचा बांध घातला, बोटाने फट पाडली, दोन्हीकडे पाणी ओतलं. पाणी खारं पाहिजे म्हणून घरून मूठभर मीठ आणलं होतं, तेही टाकलं. मग आम्हाला फळ्यावरचं उतरवून घ्यायला आत नेलं. बाहेर आलो तर पाटलाची शेळी परातीत तोंड घालून उभी. शेळीला मीठ आवडतं हे गुरुजींच्या भूगोलात नव्हतं.

आमच्या वर्गातला शिवराम ओरडला, "गुरुजी, शेळीनं लगून पिलं! आता समुद्र पितीय!"

गुरुजी शेळीला हाकलायला गेले आणि मधेच थांबले. म्हणाले, "पिऊ दे. बांध फुटला का बघा." आम्ही वाकून पाहिलं. बांध फुटला नव्हता. "मग झालं," ते म्हणाले. "बांध ऱ्हायला म्हंजे लगून ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी शब्दांचा वाक्यात उपयोग करायचा होता. आम्ही पाटीवर लिहिलं. शिवरामचं वाक्य, 'मला ठेच लगून रक्त आले.' कोणाचं, 'तहान लगून जीव गेला.' माझं, 'आमचे घर मारुतीच्या देवळाला लगून आहे.' गुरुजींनी सगळ्यांना बरोबर दिलं.

नेमके त्याच दिवशी तपासणीचे साहेब आले. साहेब वर्षातून एकदा यायचे, तेही थकून. जिल्ह्याचं गाव उस्मानाबाद, तिथून आमच्या गावी पोहोचेपर्यंत माणसाचा दिवस जायचा. त्यांनी पाट्या हातात घेतल्या, वाचल्या आणि गुरुजींकडे पाहिलं.

"गुरुजी, हे काय आहे? लगून हा इंग्रजी शब्द आहे. त्याचा लागूनशी काहीएक संबंध नाही."

गुरुजी हात जोडून पण ताठ उभे. म्हणाले, "आसंल साहेब. पर अर्थ तर जुळतोय ना? समुद्राला लागूनच हाय ना ते?"

"हो, पण..."

"मग इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला आसंल. लई काय काय नेलंय त्यांनी."

साहेब हसले. हसल्यावर माणसाला शेरा लिहिता येत नाही. जाताना म्हणाले, "निदान ठेच तरी काढून टाका हो." गुरुजींनी ठेच काढली नाही. शिवरामला मात्र शेंगदाणे दिले. तेव्हा आम्हाला कळलं की ते चुकलं होतं.

तर असा माणूस. मी चौथी झाले, पुढची शाळा गावात नव्हती. मग गावातल्या गावातच माझं लग्न झालं, त्यामुळे गुरुजी काही सुटले नाहीत. रस्त्यात भेटले की विचारायचे, "गंगू, कुठं चाललीस? वाक्यात सांग." डोक्यावर भारा असला तरी पूर्ण वाक्यात सांगावं लागायचं. माझा नवरा म्हणायचा, या मास्तराला गावाचाच वर्ग झालाय.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

दुष्काळाचं मी रडगाणं गाणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. विहिरी तळाला गेल्या. नदीत नुसती वाळू. नदीच्या मधोमध झिरे काढायचे, म्हणजे वाळूत खड्डा खणायचा, तळाला पाणी झिरपतं ते वाटीने भरून घ्यायचं. तेही झिरे आटले. मग लोक गाव सोडायला लागले. कोणी हैदराबादकडे गेलं, कोणी कुठे कामाला. घराला कुलूप, दाराला काटेरी फांदी.

गुरुजींचा वर्ग रिकामा होत चालला. त्यांना ज्वारीची काळजी नव्हती असं नाही, पण या गोष्टीने ते जास्त खचले. एखादं कुटुंब निघालं की हे वाटेत आडवे. "तुम्ही जा, पोराला माझ्याकडं ठेवा." कोण ठेवणार? लोक म्हणायचे, "गुरुजी, पोराला पाजायचं काय, शाई?" माझा दीर, मालनचा बाप, त्याचंही ठरलं होतं. भांडीकुंडी बांधून झाली होती.

त्या आठवड्यात गुरुजींच्या डोक्यात लगून शिरलं.

गावाच्या खालच्या अंगाला नदी वळते. तिथे पुराने वाळूचा लांब उंचवटा टाकलेला होता आणि त्याच्या मागे, काठाला धरून, सखल जागा. गुरुजी त्या उंचवट्यावर जाऊन उभे राहिले आणि पारावरच्या लोकांना येऊन सांगितलं, "सोपं हाय. ही वाळू म्हंजे बांध. नदी म्हंजे समुद्र. बांधाच्या मागं काय असतं? लगून. तिथं खंदा."

म्हातारे हसले. तुकाराम पाटील म्हणाले, "गुरुजी, झिरा नदीच्या पोटात काढत्यात, पाठीवर न्हाई."

"पुस्तकात हाय, पाटील."

"पुस्तकात पानीबी आसंल मग. घागर बुडवा."

कोणी आलं नाही. गुरुजींनी सकाळची शाळा सुटल्यावर स्वतः खणायला घेतलं. पहिला खड्डा कोरडा. दुसराही कोरडा. गावात म्हण पडली, "काय हो, लगून लागलं का?" पोरंसुद्धा म्हणायला लागली. गुरुजी म्हणायचे, "वाक्य बरोबर हाय."

माझा दीर त्यांच्या मदतीला गेला तो दयेने. म्हणाला, निघायचंच आहे, दोन दिवस म्हाताऱ्याच्या मनासारखं होऊ दे. तिसऱ्या खड्ड्याला, माणूस बुडेल एवढं खोल गेल्यावर, वाळू ओली लागली. मग पाणी आलं.

आता मी खरं सांगते. ते पाणी काही गुरुजींच्या विद्येने आलं नाही. त्या काठाच्या वर मोठी जुनी आमराई होती, तिच्या खालून कुठला तरी झरा असणार. कोणीही खणलं असतं तरी लागलं असतं. फक्त कोणी खणलं नव्हतं.

गाव सगळं जमलं. वाटीभर पाणी पहिल्यांदा गुरुजींना दिलं. त्यांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड पडलं. सासू म्हणाली, "काय झालं हो? वंगाळ हाय का?"

गुरुजी म्हणाले, "गोड हाय."

"मग?"

"खारं पाहिजे होतं."

लोक किती हसले म्हणून सांगू. दुष्काळात गाव तसं हसलेलं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. पाटील तर डोळे पुसत म्हणाले, "गुरुजी, मीठ टाकू का मूठभर?" त्याच दिवसापासून त्या जागेचं नाव लगून. बायका बोलायला लागल्या, "लगूनला जाऊन येते." "लगूनवर गर्दी हाय का गं?" माझ्या दिराने भांडी सोडली. आणखी दोन घरं थांबली. गुरुजींच्या वर्गात पोरं उरली.

म्हणून त्या खड्ड्यावर सगळं अवलंबून होतं. तो टिकला तर ही घरं पावसापर्यंत टिकणार. नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडी बांधायची.

खड्डा मात्र अरुंद आणि उभा खणला गेला होता. पाणी जसं खाली जाई तसा तो आणखी खोल करत गेले. तळाशी मोठ्या माणसाला वाकता येईना, म्हणून हलकी पोर खाली सोडायची, तिने वाटीने घागर भरायची. त्या दुपारी मालनची पाळी होती. गुरुजी रोजच्यासारखे बघायला आले होते. वाळूचा पहिला लोट आला तेव्हा आम्ही ओरडायच्या आत त्यांनी उडी टाकली. पोरीला उचललं, आणि दुसरा लोट त्यांच्या अंगावर आला.

सासू 'आता गं माय' म्हणाली खरी, पण ती बाई नुसती उभी राहणारी नव्हती. ती गावाकडे पळाली आणि मिळेल त्या घरातून बाजा, म्हणजे दोरीच्या खाटा, आणायला लावल्या. बाजा काठावर आडव्या टाकल्या, म्हणजे माणसाचं वजन एका जागी पडणार नाही. त्यावर आम्ही पालथ्या झोपलो. दोन लुगडी पिळून एकत्र बांधली आणि खाली सोडली. गुरुजींनी ती मालनच्या काखेतून घेतली, गाठ मारली. गाठ पक्की बसली. मालन वर आली. हातात वाटी होतीच.

तोवर गुरुजींची बायको आली. त्यांना सगळे अव्वा म्हणायचे. नवरा गाडलेला पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लिंग हाय का गळ्यात?" आमच्याकडे लिंगायत माणूस गळ्यातल्या लिंगाशिवाय अन्नाला शिवत नाही, म्हणून विचारलं. लोकांना वाटतं बाई कठोर होती. कठोर नव्हती. नवरा जगणार हे तिने गृहीत धरलं होतं आणि संध्याकाळच्या जेवणाचा विचार करत होती.

"हाय, हाय," गुरुजी म्हणाले. "वाळूत हाय, पर हाय."

मग आम्ही हातांनी, परातींनी, टोपल्यांनी वाळू उपसली. उपसावी तेवढी परत यायची. सावल्या लांब होईपर्यंत हेच चाललं. गुरुजी आता मराठीत आले होते. तिथून, गाडलेल्या अवस्थेत, आम्हाला सांगत होते, "लगूनचा बांध कधी कधी फुटतो. पुस्तकात हाय ते. मी शिकवलं न्हाई तुम्हाला, राहून गेलं."

सासू म्हणाली, "गुरुजी, तोंड मिटा. वाळू जाईल."

त्यांचा आवाज मधेच बारीक झाला. श्वास तोकडा पडायला लागला. आम्ही नुसते हात चालवले. संध्याकाळी कामावरून पुरुष परतले, त्यांनी दोर लावला. गुरुजी बाहेर आले ते एखादा मुळा उपटावा तसे. डाव्या पायात जीव नव्हता. तो पुढे कधी पूर्ण आलाही नाही, जन्मभर लंगडले.

बाजेवर टेकवलं तेव्हा त्यांनी खिशात हात घातला. शेंगदाणे निघाले, वाळूने माखलेले. मालन समोरच उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, माझं काय चुकलं?"

"तुझं कुठं चुकलं? माझं चुकलं," ते म्हणाले. "खड्डा रुंद पाहिजे होता." आणि ते वाळूचे शेंगदाणे स्वतःच चावून खाल्ले. लिंग धुवायचं राहिलं होतं. अव्वा पदराने ते पुसायला लागल्या.

खड्डा बुजला होता. माझ्या दिराने पुन्हा भांड्यांकडे पाहिलं. सकाळी अव्वांनी घरातली कणगी उचलून बाहेर काढली. तुरीच्या काड्यांची विणलेली, धान्य साठवायची. म्हणाल्या, "धान्य न्हाई तर रिकामी कणगी काय पुजायची? न्या." लोकांनी खड्डा या वेळी पसरट खणला, कणगीचा तळ कापून ती आत उभी केली, म्हणजे वाळू आत येईना आणि पाणी झिरपत राहिलं. मग आणखी एकीने आपली कणगी दिली, ती वर चढवली. धान्याच्या कणग्यांत आम्ही त्या वर्षी पाणी ठेवलं. पाऊस पडेपर्यंत ते पुरलं. कमी पडलं, भांडणं झाली, झिंज्या ओढल्या गेल्या, पण पुरलं.

पुढच्या पुराने सगळं वाहून नेलं. कणग्या, उंचवटा, सगळं. नाव तेवढं राहिलं.

नंतरची एक गोष्ट सांगते. आमचं गाव जागचं हललं नाही, पण माझ्या देखत त्याचे तीन जिल्हे झाले. लहानपणी बिदर, मग उस्मानाबाद, मग लातूर. प्रत्येक वेळी गुरुजींना शाळेच्या भिंतीवरचा नकाशा पुसून नवा काढावा लागला. लातूर जिल्हा झाला तेव्हा ते नोकरीच्या शेवटाला आले होते. लंगडा पाय स्टुलावर ठेवून रंगवत बसले. लोक खुश होते. जिल्ह्याच्या कचेरीत सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येणार होतं. गुरुजी म्हणाले, "आता जिल्हा आपल्याला लागून हाय."

नकाशा झाला. उदगीर, अहमदपूर, निलंगा, औसा, मुरुड, सगळं जागेवर. आणि लेंडीच्या रेषेला चिकटून एक निळा ठिपका. नवीन जिल्ह्याचे कोणी तरुण अधिकारी शाळा बघायला आले, त्यांनी विचारलं, "गुरुजी, इथे तलाव आहे का?"

"न्हाई. लगून हाय."

अधिकाऱ्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांना वाटलं असेल, गाव वेडं आहे. काही वाटू दे. ठिपका राहिला.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलाने त्यांना कोकणात नेऊन समुद्र दाखवला. आल्यावर मी विचारलं, "कसा हाय समुद्र?"

"लई पानी. कामाचं न्हाई."

"आन् लगून?"

"विचारलं मी. तिथले लोक खाडी म्हणत्यात, खाजण म्हणत्यात. लगून कोणालाच ठाऊक न्हाई." मग म्हणाले, "आपल्याच गावात हाय ते." बोलताना चेहऱ्यावर समाधान होतं. परातीतला बांध फुटला नाही त्या दिवशी होतं तेच.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शाळेच्या ओट्यावर. ऊन खात बसले होते. मालन माहेरी आली होती, तिचा मुलगा शेजारी. गुरुजी त्याला म्हणाले, "लगून. वाक्यात उपयोग कर."

पोरगं म्हणालं, "माझी आई लगूनमध्ये पडली होती."

गुरुजींनी खिशात हात घातला, मग रिकामाच बाहेर काढला. "बरोबर हाय," म्हणाले.

नंतर काही महिन्यांनी ते गेले, वयाने, आपल्या घरात. त्या दुपारी खड्ड्यात दोघं होती, मालन आणि मन्मथप्पा गुरुजी. दोघंही वाचली.